शेवटच्या रांगेतले परीक्षक

दारात चपला काढायच्या, धोतराचा सोगा सावरून शेवटच्या रांगेत मुलींच्या शेजारी मांडी ठोकायची आणि जमिनीवर दोनदा तळवा आपटून म्हणायचं, "चालू करा गुरुजी. आमी हाय नाय असं समजा." सहा फुटांचा, मिठागरात राबून काळाठिक्कर पडलेला माणूस तिसरीच्या वर्गात बसलाय आणि तो नाही असं समजायचं. तुम्ही समजून दाखवा.

पनवेलच्या खाडीकाठी एका वाडीत माझी पहिली नेमणूक झाली होती. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झालेली. एक खोली, चार इयत्ता, एक मास्तर आणि हे. मुलं त्यांना आजा म्हणत, मी बाबा म्हणे. शिक्षण म्हणाल तर सही येत होती, तीही सावकाश. पण त्या काळात शाळा सुधारायला जे जे वरून निघालं, ते सगळं दिवसभर बसून तपासलेला माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस.

त्याला कारण होतं त्यांची नात, हिरू. ही पोरगी तिसरीत दोनदा नापास झाली होती. तिच्या बापाचं म्हणणं, या वर्षी पास झाली नाही तर पाटी ठेवायची आणि मिठागरावर टोपली उचलायची. लग्नाचंही बघू लागले असते. माझ्या दुसऱ्या वर्षी बाबा वर्गात येऊन बसले, त्या पहिल्या दिवशी मला म्हणाले, "पोरगी घरी हुशार, शालंत ढ. मदल्या वाटेत काय व्हतं ते बगाया आलो."

मी तरुण होतो आणि ट्रेनिंग कॉलेजातून ताजा ताजा बाहेर पडलो होतो. मला राग आला. पण हाकलणार कसं? शाळेची खोली त्यांच्याच भावकीने दिलेली होती.

मग टकळी आली. खात्याचा हुकूम होता की मुलांनी सूत कातावं आणि सगळे विषय सुतातून शिकावेत. याला समवाय म्हणत. मीही हिरिरीने टकळीतून गणित, टकळीतून भूगोल, एकदा तर टकळीतून अफझलखानाचा वध शिकवला. खाडीच्या दमट हवेत कापसाचा पेळू चिकट व्हायचा आणि सूत दर वितीला तुटायचं. महिनाभराच्या सुतात देवळातल्या समईच्या वाती झाल्या, त्याही नवरात्रापुरत्या. बाबांनी दोन दिवस बसून स्वतः कातून पाहिलं. जाळ्याचं सूत वळणारे हात ते, त्यांचा धागा तेवढा तुटला नाही. टकळी परत देताना म्हणाले, वाईट नाही, पण ज्या साहेबाने हे काढलं त्याने इथे बसून कातलंय का? मी म्हटलं, साहेब पुण्याला असतात. त्यांनी नुसती मान हलवली.

त्यानंतर स्वच्छतेची योजना आली. तीत रोज मुलांची नखं बघायची होती. मिठागरावर जाणाऱ्या मुलांच्या नखांत काय असणार? बाबांनी आपलीच दहाही बोटं माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "आमी पास का नापास?"

प्रत्येक योजनेचा निकाल देऊन झाला की ते उठता उठता एक वाक्य टाकायचे: "बाकी गुरुजी, फला दिसत नाय."

फळ्याबद्दल मी फार हळवा होतो. जुना फळा पांढुरका पडलेला. मागच्या तपासणीच्या आधी मी खात्याकडे रंग मागितला, उत्तर आलं नाही. मग एका कोळ्याने होडीला लावून उरलेला काळा रंग दिला आणि मी एका रविवारी दोन हात चढवले. काय फळा झाला होता. तोंड बघून भांग पाडावा. तपासनीसांनी शेरेबुकात 'फळा सुस्थितीत' असं लिहिलं होतं आणि ते पान मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे.

तेव्हा बाबांना फळा दिसत नाही म्हणजे दोष डोळ्यांचा. साठी उलटलेली, उन्हात मिठाच्या पांढऱ्या राशींकडे बघून जन्म गेलेला. मी त्यांना पनवेलच्या बाजारात नेलं आणि चष्मा घेऊन दिला. चष्मा लावून ते तीन दिवस वर्गात बसले. चौथ्या दिवशी विचारलं, आता कसं? ते म्हणाले, "आता फला लई चमकतो." मी होडीच्या रंगाची तारीफ समजून खूश झालो. हो, एवढा शहाणा होतो मी.

माघात तपासणीचं पत्र आलं. तारीख बघितली तर नेमकी पौर्णिमा. उधाणाच्या दिवशी भर दुपारी भरतीचं पाणी आमच्या बांधावरच्या वाटेवर कमरेएवढं चढतं, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. खात्याच्या कचेरीत मात्र पंचांग नसावं. मी तारीख बदलण्याचा अर्ज लिहायला घेतला. बाबांनी माझ्या हातातला टाक काढून घेतला. म्हणाले, "येऊ द्या."

साहेब दहाला आले. नेहमीप्रमाणे माझ्या खुर्चीवर, मुलांकडे तोंड आणि फळ्याकडे पाठ करून बसले. टकळ्या पाहिल्या, नखं पाहिली, तासाभरात शेरा लिहून उठले. बाहेर वाट नव्हती. नुसतं पाणी, शाळेच्या जोत्याला टेकलेलं. साहेबांचा चेहरा पडला. बाबा मागून नम्रपणे म्हणाले, "तीन तास हायत सायेब. हकडं बसा माज्याजवल, वारा येतो."

साहेब बिचारे कोट काढून शेवटच्या रांगेत हिरूशेजारी टेकले. मी भागाकार शिकवत होतो. थोड्या वेळाने त्यांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे. मग गुडघ्यांवर उठून पाहिलं.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "इथून फळा दिसत नाही हो. नुसता उजेड चमकतोय."

बाबा छताकडे बघत होते. मी मागे गेलो. तिथे उभा राहूनच दोन वर्षं देखरेख करत होतो, पण बसलो कधीच नव्हतो. बसलो. खिडकीतून येणारा खाडीचा उजेड होडीच्या त्या रंगावर लख्ख पडला होता आणि माझा भागाकार कुठेच नव्हता. मुलींची ही रांग. त्यांच्यातल्या चार जणींनी माझ्या हाताखाली शाळा सोडली होती आणि कारणाच्या रकान्यात मी 'घरकाम' असं लिहिलं होतं. मला त्या वेळी जी लाज वाटली ती आजही पुरती गेलेली नाही.

ओहोटी लागायच्या आत बाबांनी आणि मी वाळू आणि विटेचा तुकडा घेऊन फळा घासून काढला आणि समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीवर नेला. खात्याची परवानगी काही घेतली नाही. हिरू त्या वर्षी पास झाली आणि चांगली पास झाली. उन्हाळ्यात परिपत्रक आलं: अमुक शाळेत टकळीमुळे मुलींच्या गणितात लक्षणीय सुधारणा झाली आहे, सबब सर्व शाळांनी कताईचे तास दुप्पट करावेत.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"हा तुमी ठेवा गुरुजी. मना पयल्यापासून दिसत व्हतं."

हिरू चौथी पास झाली त्या पावसाळ्यात बाबा गेले. माझी बदली पनवेलच्या मोठ्या शाळेत झाली, पुढे मी हेडमास्तर झालो. नवी योजना आली की मी चपला काढून कुठल्यातरी वर्गात शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. मुलं तोंड दाबून हसतात, मास्तर गांगरतात. बाबांची मला फार आठवण येते तेव्हा. मी थोडा सरकून शेजारी एका माणसापुरती जागा ठेवतो, आणि मास्तरांना म्हणतो, चालू करा.