दामिनीच्या अंगातली कानबाई

प्रकाशा गावच्या रतिलाल पाटलांची दामिनी पायरी उतरताना आजही आधी डावा पाय खाली टाकते आणि मग उजवा त्याच्यापाशी आणून ठेवते. केळीच्या बागेत ती अशी लंगडत आली की बाया हात जोडून वाट देतात. देवीनं पाय घेतला, म्हणतात. मला त्यांचा संताप येतो.

मी रोशनी. तिच्याच बास्केटबॉल संघात होते, म्हणजे बाकावर होते. मैदानात पाच जणी खेळतात, बाकीच्या बदली. पण आमच्या हेमकांत सरांना बदली हा शब्द फक्त मास्तरांची होते तेवढाच माहीत. दामिनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मैदानात. शाळेची स्पर्धा, क्लबची स्पर्धा, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा चषक. सकाळी धुळ्याला, संध्याकाळी शहाद्याला. बसमध्ये ती तोंडात घास ठेवून झोपायची. डावा गुडघा सुजून टम्म झालेला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "महिनाभर विश्रांती घे, नाहीतर हा गुडघा कायमचा जाईल."

"फायनल झाली की घेऊ," सर म्हणाले. गुडघा काय त्यांचा होता?

श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी घरोघर बसते. तिचं विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी शहाद्याला मॅच होती. शेवटच्या सत्रात दामिनीचे डोळे बदलले. उघडे होते, पण पापणी लवत नव्हती. चेंडू हातात आला की ती टाकायची आणि तो जाळीत पडायचा. हाक मारली तर मान वळत नव्हती. टाइमआउटला मी पाणी दिलं, ते ओठांच्या कडेनं तसंच खाली ओघळलं.

"पाय दुखस का तुन्हा?" मी विचारलं.

दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं तिनं खाली पाहिलं. "कोन्हा पाय?"

 मी सरांना म्हटलं, काढा तिला. तेवढ्यात प्रेक्षकांत बसलेल्या आमच्या गावच्या सुगंधाबाई हात जोडून उभ्या राहिल्या. "कानबाई गयी नही वो! पोरना आंगमा शे." सरांना आयतंच फावलं. देवीला बाकावर कोण बसवणार?

मग दर मॅचला बाया नारळ घेऊन येऊ लागल्या, शेवटच्या सत्राची वाट बघत. दामिनीला नंतर काही आठवायचं नाही. "आपण जिकनूत का?" एवढंच विचारायची.

फायनल नंदुरबारला झाली. उडी मारून खाली येताना तिच्या गुडघ्यातून ओला बांबू मोडावा तसा आवाज आला. थेट बाकापर्यंत ऐकू आला. ती पडली आणि उठली. पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळत होता, तरी ती त्याच्यावर पळू बघत होती, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. शिट्टी झाली, मॅच संपली, चेंडू पंचांनी काखेत घेतला. दामिनीचा रिकामा हात मात्र चेंडू आपटल्यासारखा खाली-वर, खाली-वर होत राहिला.

तिचे ओठ हलत होते. सुगंधाबाई आरतीचं ताट घेऊन धावल्या, "देवी काय म्हणस?" दामिनीची आई मंगलाबाई आधीच पोचली होती. तिनं कान लावला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माले भाईर काढा, म्हणस. भाईर काढा."

हे बोलताना मंगलाबाई सरांकडे बघत होती. सरांना कळलं, त्यांनी नजर चुकवली. पण बायांनी आपल्या परीनं अर्थ लावला. "देवीले भाईर काढा! मिरवणूक काढा!" ढोल तयारच होता. चार-सहा जणांनी दामिनीला खांद्यावर उचललं. मंगलाबाई त्यांचे सदरे धरून मागे ओढत राहिली, तिला कुणी जुमानलं नाही.

पाय लोंबकळला आणि त्या हिसक्यानं दामिनी जागी झाली. मी अगदी जवळ होते. डोळे एकदम तिचे झाले, आमच्या दामिनीचे, आणि त्यांत सगळं दुखणं एकाच वेळी आलं. आईकडे हात लांबवून ती किंचाळली, "माय! ओ माय!"

"माय! ओ माय!" बायांनी तोच शब्द उचलला आणि ढोलाच्या तालावर हात जोडून तिच्या मागे चालू लागल्या.