माझं अनुमोदन माघारी द्या!

सभा कशी गाजवावी, हे अख्ख्या हडपसरानं माझ्याकडून शिकावं! माझ्याइतके ठराव कुणी पास केले नसतील. आता त्या ठरावांत काय असायचं, ते मला कधी कळलं नाही, ते सोडा. सातवीत मास्तरांनी हात टेकले आणि मी भाजीच्या टेम्पोवर चढलो. पण आमच्या विकास सोसायटीच्या सभेत अनुमोदक कायम मीच! एकानं "असा मी ठराव मांडतो" म्हणायचं, मी "अनुमोदन!" म्हणून ओरडायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि सगळ्यांनी जिलबीकडे वळायचं. इतकी सवय झाली की ठरावाचं शेपूट कानावर पडलं की माझं तोंड आपोआप उघडतं. झोपेतसुद्धा.

तिथंच तर घात झाला ना!

झालं असं, की सरकारच्या मनात एक कायदा आला. जे म्हातारे अंथरुणाला खिळलेत, ज्यांना काही आठवत नाही, त्यांना दिवसभर सांभाळायची सोय प्रत्येक प्रभागात पाहिजे. सरकारनं महापालिकेला विचारलं, तुमचं मत काय? महापालिकेला कुठलं आलंय मत! तिनं आम्हाला विचारलं. क्षेत्रीय कार्यालयातल्या एक मॅडम सभा घ्यायला थेट आमच्या विरंगुळा केंद्रात आल्या.

विरंगुळा केंद्र म्हणजे एक हॉल, दोन पंखे, एक बंद टीव्ही आणि आम्ही सात-आठ म्हातारे. सकाळपासून दिवे लागेपर्यंत मेंढीकोट. पैशांवर नाही हो, नुसता अब्रूवर! आणि आमच्या कानावर आलं होतं, की प्रभागात रिकामी जागा म्हणून कागदावर आमचाच हॉल दिसतोय. रिकामी! आम्ही काय हवा भरलेले फुगे?

आमचे अध्यक्ष लिमये सर. शाळेतून रिटायर होऊन पेठेतून इकडे फ्लॅटात राहायला आलेले. त्यांनी आदल्या दिवशी पत्ते पिसता पिसता बेत आखला.

"कायद्याला आपला पाठिंबा. जागा मात्र दुसरीकडे. ठराव मी मांडणार. तात्या, तुम्ही अनुमोदन द्यायचं."

"भाषण पण करू का सर?"

"नको. आपण तोंड एकदाच उघडायचं. लगेच मिटायचं."

सभेला गर्दी झाली. बायका एका बाजूला, त्यात माझी बायको हौसाही. पहिली उठली ती आमच्या गल्लीतली वैशाली. हिंजवडीला कंपनीत जाते, सकाळी सातची बस. तिची सासू गंगूआक्का सगळं विसरते. एकदा तर घरातून निघाली ती गाडीतळाच्या चौकात सापडली, अनवाणी.

"रोज बाहेरून कुलूप लावून जाते मी," वैशाली म्हणाली. "खिडकीतून त्या हाका मारतात. मला जाताना ऐकू येतात. नोकरी सोडली तर घर कसं चालायचं?"

मग लिमये सर उठले आणि 'समाज व वार्धक्य' या विषयावर सुरू झाले. वरून पंखा, पोटात दोन वडे. तुम्हीच सांगा, माणूस किती जागा राहणार?

मग लांबून कुठूनतरी ती गोड ओळ कानावर आली. "…असा मी ठराव मांडते."

"अनुमोदन!!"

असा ओरडलो की मॅडमच्या हातातलं पेन पडलं. टाळ्या कडाडल्या. सवयीनं लिमये सरांनीही वाजवल्या, मग मध्येच थांबून ते माझ्याकडे बघायला लागले.

"तात्या, काय केलंत हे?"

"अनुमोदन दिलं की! तुम्हीच तर सांगितलं."

"मी अजून प्रस्तावनेतच होतो! मॅडमनी मला थांबवून त्या मुलीला ठराव मांडायला सांगितलं. हाच हॉल द्यावा म्हणून! दिलात तुम्ही!"

आता आली का पंचाईत! मागून माझा पत्त्यांतला भिडू बाबूराव कुजबुजला, "आरं, डाव गेला की आपला! घे की माघारी!"

"माघारी कसं घेतात?" मला कधी गरजच पडली नव्हती.

"सांगा, भानावर नव्हतो म्हणून," लिमये सर दात आवळून म्हणाले.

मी उठलो. "मॅडम, माझं अनुमोदन माघारी द्या. मी भानावर नव्हतो."

मॅडमनी चष्मा वर केला. एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "आजोबा, असं बऱ्याचदा होतं का?"

"प्रत्येक सभेत!"

"आणि नंतर काही आठवत नाही?"

"काही म्हणजे काही नाही." म्हटलं, पक्कं करून टाकावं.

"आज वार कोणता?"

आता रिटायर माणसाला वार कशाला लागतो? मी जुन्या हिशेबानं सांगितलं, "मार्केट यार्ड चालू हाय, म्हणजे शनिवार नाही. एवढं नक्की."

"या हॉलमध्ये रोज येता? काय करता इथे?"

पत्त्यांचं नाव कसं काढायचं? सरांनी डोळे वटारले होते. "येतो रोज. काय करतो ते… सांगता येत नाही."

वैशाली पदर डोळ्यांना लावायच्या बेतात. मला काही समजेना. अनुमोदन माघारी मागतोय मी, आणि लोक माझ्याकडे असे काय बघतायत, मयताला आल्यासारखे?

"घरून कुणी आलंय सोबत?" मॅडमनी विचारलं. "त्या आजी तुमच्या कोण?"

वातावरण जरा हलकं करावं म्हटलं. लग्नकार्यात माझा एक हमखास हशा मिळवणारा विनोद आहे. तो मारला. हौसाकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणालो, "ही बाई? हिला मी आयुष्यात कधी पाहिलं नाही!"

एक माणूस हसला नाही हो. एकही!

मॅडमनी काहीतरी लिहिलं. "यांचं अनुमोदन मी धरत नाही."

लिमये सरांनी सुस्कारा सोडला. बाबूरावनं माझ्या पाठीत थाप मारली. जिंकलो! मी बसणार, इतक्यात मॅडम पुढं म्हणाल्या, "पण या सोयीची किती गरज आहे, ते आपण सगळ्यांनी आत्ता डोळ्यांनी पाहिलं. महापालिकेच्या उत्तरात हे उदाहरण जाईलच. वैशालीताईंच्या ठरावाला दुसरं कुणी अनुमोदन देतंय?"

बायकांच्या बाजूनं एक हात वर गेला. हिरव्या बांगड्यांचा.

"माझं हाय!"

हौसा! माझी हौसा! टाळ्यांनी पंखे हलले. मॅडम म्हणाल्या, "आजोबांचं नाव पहिलं घालू का मग?" आणि हौसा म्हणते कशी, "घाला की, आधार कार्ड आणून देते."

मी गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेलो. "अगं हौसा, शुद्धीवर आहेस का? आमची बसायची जागा घालवलीस ती घालवलीस, वर मला त्या सांभाळायच्या केंद्रात भरती करतेस?"

तिनं पदर खोचला. शांतपणे म्हणाली,

"लग्न झाल्यापासून ते केंद्र मी एकटी चालवतीय. आता महापालिका चालवते म्हणतीय, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"