तुझीच पट्टी हाय

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. आता लिहायला बसलो तरी हात भलतंच लिहू बघतोय — निपाणीत पंचवीस वर्षं गाण्याचा क्लास चालवतो, किती मुलं शिकून गेली, वगैरे. ते सगळं खरं आहे. पण ते सांगून काय करू?

प्रज्ञाबद्दल सांगायचंय.

ती सातव्या वर्षी माझ्याकडे आली. तिची आजी तंबाखूच्या वखारीत कामाला. पानं निवडता निवडता बायका गायच्या, त्यात आजीचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा म्हणे. नातीला घेऊन दारातच उभी राहिली. "सर, हिला सूर लगीच घावतोय. बघा तुमी." खरंच घावायचा. मी एकदा दाखवावं आणि तिनं माझ्यापेक्षा नीट म्हणावं — असं किती वेळा झालं. मला आनंद व्हायचा. व्हायचा ना? आज तेही नक्की सांगता येत नाही.

अकराव्या वर्षी टीव्हीवरच्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली. देशोदेशीची मुलं, शेवटची फेरी परदेशात. त्याआधीची फेरी ऑनलाइन, परीक्षकांसमोर थेट. एकदाच गायचं. त्यासाठी आम्ही बेळगावला, टिळकवाडीतल्या एका स्टुडिओत गेलो. आजीला खोकला, म्हणून ती बाहेर बाकावर बसली. आत प्रज्ञा, मी आणि मशीनवाला.

पडद्यावरच्या बाईंनी हिंदीत विचारलं, गाणं कुणी शिकवलं? प्रज्ञा म्हणाली, "दादी ने." मग आजीचं नाव, वखार, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. माझं नाव आलं नाही. चार वर्षं — आणि मी तिच्यापासून दोन हातांवर पेटी घेऊन बसलेलो.

आमच्या आधी दुसऱ्या देशातल्या एका मुलीचं गाणं होतं. तेवढा वेळ आमचा आवाज बंद. मशीनवाला माझ्याकडे बघून हसला. "काय सर, मग तुमी नुसता भाता हालवायला व्हय?"

एवढंच. एवढ्यावर माणूस काय करतो?

प्रज्ञाची पट्टी काळी चार. त्याच सुराला सा धरून ती रोज गायची. मी तानपुरा त्याहून वरच्या काळी पाचवर लावला — मोबाइलवर एका बोटाचं काम. अंतऱ्यात तिचा आवाज तिथवर पोचणार नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं तानपुरा ऐकला आणि लगेच मान वळवली. "सर, वर हाय का ओ?"

मी म्हणालो, "न्हाय गं. तुझीच पट्टी हाय. गा."

ती गायली. अंतऱ्यात आवाज फाटला — दोनदा. तरी तिनं शेवटपर्यंत म्हटलं. पडद्यावरच्या बाई गोड हसल्या, आभार मानले. बाहेर मी आजीला सांगितलं, पोर घाबरली.

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण थांबलो नाही. परतीच्या बसमध्ये, काकती गाव मागं पडल्यावर, ती हळूच म्हणाली, "सर, मला खरंच वर वाटत हुतं." आणि मी म्हणालो — हे शब्द जसेच्या तसे लिहितो — "तुझा कान कच्चा हाय अजून. असल्या कानावर इसंबून गायचं नसतंय."

फाटलेला आवाज सावरतो. पण कानच खोटा म्हटल्यावर गाणाऱ्यानं कशावर उभं राहायचं? तीन महिन्यांत तिनं क्लास सोडला. आजी जाईपर्यंत रस्त्यात भेटली की म्हणायची, "लई केलासा तुमी तिच्यासाठी." मी मान हलवायचो.

गेल्या महिन्यात प्रज्ञा आली. आता औषधाच्या दुकानात कामाला असते. धाकट्या बहिणीला क्लासला घालायचं होतं. पोरीनं सा लावला — स्वच्छ. प्रज्ञा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सुरात हाय का, सर? मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. मी म्हणालो, "हाय. सुरात हाय."

तिनं लगेच मानलं. मी पेटी बंद केली आणि सोमवारपासून पाठव म्हणालो.