पितळी कुलूप आणि रेखाचं वीजघर

एवढ्या उशिरा लिहितोय, माफ करा. प्रवास होऊन बरेच दिवस झाले, पण मोबाईलवर बोटं सरळ पडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर लिहायची लाजही वाटत होती. शिक्षण सातवीपर्यंतचं. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी मुलगी रेखा गोदावरीवरच्या एका धरणाच्या वीजघरात ऑपरेटर आहे. धरणाचं नाव लिहीत नाही, तिला बोलणी बसतील. पाण्याच्या जोरावर मोठं चक्र फिरतं आणि वीज होते, एवढं मला ठाऊक होतं. एक दिवस ती फोनवर म्हणाली, "उद्या तपासणीला चक्राच्या आत उतरायचंय." माझी झोप उडाली. ती आत असताना वरून कुणी पाणी सोडलं तर? "नोकरी सोडवून तिला घरी आणतो," असं तिच्या आईला सांगून मी निघालो.

आमच्या धावड्याहून सकाळची भोकरदनची बस धरा, पुढे जालना, मग अंबड. ज्येष्ठांना अर्धं तिकीट, पण आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. मी पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि कंडक्टरपुढे अख्खी पिशवी, शेंगदाण्याच्या चटणीसकट, उपसली. जालन्याच्या स्टँडवर भजी गरम मिळतात. पोट बिघडेल म्हणून मी दोनच खाल्ली, मग काळजीनं आणखी चार. अंबडच्या पुढे रस्ता बरा आहे, तरी पुढच्या सीटचा दांडा मी सोडला नाही.

रेखानं परवानगी काढून ठेवली होती. टोपी काढायची मला सवय नाही, म्हणून टोपीवरच हेल्मेट चढवलं. ते डोक्यावर डुलत होतं.

पाण्याचं दार उघडायचं बटण ज्या पेटीत, त्या पेटीला लोखंडी पट्टी होती. पट्टीला भोकं आणि भोकांत लाल कुलपं. रेखानंही आपलं अडकवलं.

"आत उतरणारा प्रत्येक जण आपलं कुलूप लावतो, बाबा. चावी ज्याच्या त्याच्या खिशात. सगळी कुलपं निघाल्याबिगर पाणी सुटत न्हाई."

"अन् कुणी दुसऱ्यानंच काढलं तर?"

"न्हाई काढत."

ती आत उतरली. माझा जीव कसा राहावा? एक भोक रिकामं दिसलं. पिशवीच्या चेनला लावलेलं पितळी कुलूप काढलं, त्यात अडकवलं आणि चावी करदोट्याला बांधली. आता कुणाची छाती होती!

दुपारी ती ग्रीस माखून, हसत बाहेर आली. त्या आनंदात मी पिठलं-भाकरी खाल्ली, कुलूप विसरलो आणि परतीच्या गाडीत बसलो. घरी चल म्हणायचंही राहून गेलं. ते आता फोनवर सांगावं म्हणून अंबडला उतरलो, तेवढ्यात तिचाच फोन.

"बाबा, पट्टीवरचं पितळी कुलूप तुमचं का?"

"अगं, माझंच! तोडून टाका, जुनं आहे."

"तोडायचं न्हाई. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. जल्दी या, समदे थांबलेत!"

मी काळीपिवळी जीप धरली. माणसं कोंबलेली, मांडीवर कुणाची तरी शेळी, आणि माझ्यापायी मराठवाडा अंधारात बसेल ही धास्ती.

वीजघरात सगळे पायऱ्यांवर बसून होते. पाळीचे प्रमुख शेख साहेब उठले.

"चाचा, माणसं समदी बाहेर अन् कुलूप एक ज्यादा! आत कुणी राह्यलं म्हणून आम्ही पुन्हा उतरून शोधून आलो. मंग रेखानं कुलूप वळखलं."

"पण कापायचं होतं की, साहेब. मी तर गाडीत होतो."

"तुम्ही इथं दिसल्याबिगर कापत न्हाई. आतच असता तर?"

मी चावी काढायला गेलो. करदोटा धोतराखाली. साहेबांसकट सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गाठ सुटेना. शेवटी दात लावावे म्हटलं, तर पोट आड आलं. रेखा भिंतीकडे बघतच ओरडली, "बाबा, नोकरी घालवता का माझी?"

मी त्यासाठीच तर आलो होतो. पण चावी हातात आली, कुलूप उघडलं, थोड्या वेळानं जमीन गुरगुरायला लागली, आणि तिला म्हणायचं होतं ते तोंडातून निघेना. एका म्हाताऱ्याच्या पिशवीच्या कुलपासाठी ज्यांनी अख्खं वीजघर थांबवलं, ते माझ्या पोरीचं कुलूप असेल तेव्हाही थांबतील. मी एवढंच म्हणालो, "चहा मिळंल का?"

घरी दारातच तिच्या आईनं विचारलं, "पोरगी कुठाय?"

"कामावर," म्हणालो. मग सगळं सांगितलं. करदोट्यापाशी ती हसून हसून खाली बसली.

त्या रात्री झोप लागली. आता मात्र नवीनच घोर लागलाय: बाकीच्या वीजघरांत काय करतात? तुमच्या घरचं कुणी तिथं उतरत असेल, तर कुलूप ज्याचं त्यानंच काढायचं असतं का, एवढं आजच विचारा आणि मला जल्दी कळवा. मी फोन उशाशीच ठेवलाय.