पान उलटायच्या आधी

आमची शाळा आंदर मावळात, भातखाचरांच्या वरच्या अंगाला. शिक्षक दोनच, मुख्याध्यापक आणि मी. मी तळेगावहून स्कूटीने येते, त्यामुळे शाळेत पोचेपर्यंत अर्धा राग रस्त्यातल्या खड्ड्यांवर काढून झालेला असतो. उरलेला गेल्या वर्षी मुख्याध्यापकांच्या वाट्याला आला.

चाचणीचा निकाल पालकांना सांगायचा होता. वाचनात आमची शाळा मागे पडली होती आणि ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. नुसते आकडे सांगण्यापेक्षा चावडीवाचन घ्यायचं ठरलं, म्हणजे मुलांनी गावासमोर मोठ्यानं वाचायचं आणि आईबापांनी आपल्या कानांनी ऐकायचं. मुख्याध्यापक मऊ स्वभावाचे. म्हणाले, "बाई, सराव झालेलेच धडे देऊ मुलांना. उगाच कुणाचा पाणउतारा नको."

"मग निकाल पाठांतराचा सांगायचा का?" मी विचारलं. त्यावरून आमचं दिवसभर बिनसलं.

त्यांना भीती कसली होती, ते मला कळत होतं. तिसरीतल्या एका मुलीची आई दाखला मागायला येऊन गेली होती. मुलीला तळेगावच्या इंग्रजी शाळेत घालायचं तिच्या मनात होतं. जावेची मुलगी तिथंच जाते. सभा झाली की काय ते ठरवते, असं सांगून ती गेली होती. मुलगी गेली असती तर आमचा पट आणखी घटला असता हे खरं, पण मला पटाचं काही पडलं नव्हतं. मला ती पोर हवी होती. सकाळी फाटकाशी येऊन माझ्या हातातली डब्याची पिशवी ओढून घेणारी, अख्ख्या शाळेत सगळ्यांत मोठ्यानं हसणारी. तिच्यावर माझा जीव होता, लपवून काय करू?

सभेच्या दिवसांत भाताची झोडणी चालू होती. लोक खळ्यावरून तसेच उठून आले, अंगावर पेंढ्याची कुसं घेऊन. तिची आई व्हरांड्याच्या कडेला टेकली. मुलीचा नंबर आला तेव्हा मी तिला कधी न वाचलेलं पान उघडून दिलं. तिनं पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओळींवरून बोट फिरवत खणखणीत आवाजात तोंडपाठ असलेला जुनाच धडा म्हणायला सुरुवात केली. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं चोख. मला तिला थांबवता येईना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या एका बापानं मात्र पुस्तकात डोकावलं आणि मान खाली घातली.

तिच्या आईनं मला सरळच विचारलं, "बाई, वाचली का ती?"

मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. हो म्हटलं तर मुलगी राहील, असंही क्षणभर वाटून गेलं.

"नाही ताई," मी म्हणाले. "पाठ म्हणाली. अक्षरं ओळखते, पण जोडून वाचता येत नाही तिला अजून. ती एकटीच नाही, वर्गातली बरीच मुलं इथंच अडलीत. आमच्या शाळेचा निकाल हाच आहे."

मुलीचा चेहरा एवढासा झाला. संपलं, आता ही दाखला मागणार, अशी माझी खात्री झाली.

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "घरी पान उलटायच्या आदीच म्होरलं म्हनाया लागती."

हशा पिकला. डोळ्यांत पाणी असताना मुलीलाही हसू फुटलं.

"मग तुम्ही तिला कधी टोकलं नाहीत?" मी विचारलं.

"कशाला टोकू? दिसभर भात झोडून घरी गेलं का तिचं ऐकून लय बरं वाटतं." तिनं पदरावरची कुसं झटकली. "आज दाखला न्यायाच आलते. जावंच्या पोरीचं समदं ब्येस हाय, आसं सांगत्यात तिकडं. पर ती बी आशीच पाठ म्हनती. जावंला कुनी सांगितलंच न्हाई. तुमी सांगितलं. आता तुमीच शिकवा."

एवढं बोलून ती उठली. खळ्यावर माणसं खोळंबली होती. पायऱ्या उतरताना तिनं वळून मुलीला सांगितलं, "सांच्याला मला जुनंच म्हनून दाव. नवं वाचाया आलं का मंग नवं."

मुलीनं मान डोलावली. माझ्याजवळ येऊन बसली आणि ते नवं पान तिनं पुन्हा उघडलं. पहिल्या शब्दावर मी बोट ठेवलं, पण थोडा वेळ मलाच तो दिसेना.