साहेबांचा ‘जा’

आष्टीच्या बाजारतळावर ऊसतोडीच्या गाड्या निघायला उभ्या होत्या आणि आमच्या आमदारसाहेबांना झेंडी दाखवायची हौस आली. निवडणुकीत ‘स्थलांतर थांबवतो’ म्हणून छाती ठोकलेला हा माणूस ट्रॉलीवर चढला आणि माइकमध्ये असा गरजला, की जामखेडपर्यंतची कुत्री उठून बसली, “जा! पुढच्या वर्षी दुप्पट जा!”

मी तालुक्याचा वार्ताहर. बातमी दिली, छापून आली. सकाळी सातलाच साहेबांच्या पीएचा फोन.

“साहेब असं बोललेच न्हाईत बे.”

आठला दुसरा. “बोलले, पण तू मागचं-पुढचं तोडलं.”

नऊला तिसरा. “आपल्यात निघणाऱ्याला ‘जा’ म्हणतेत का? साहेब ‘या’ म्हणले. दुप्पट या!”

दहाला संपादकांचा. “संध्याकाळपर्यंत पुरावा पाठव, नाहीतर ओळखपत्र जमा कर.”

पुरावा होता, पण नेमक्या त्या अक्षराला ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दाबलेला. मी ते रेकॉर्डिंग इतक्यांदा ऐकलं, की मोबाइलवर भाकरी भाजली असती. बसवेना, उभं राहवेना. स्टँड ते तहसील येरझाऱ्या घालून चपलेचे तळ कागद झाले. आधी ‘जा’ ऐकू यायचं, मग ‘या’. दुपारी तर चक्क ‘खा’ ऐकू आलं.

शेवटी आमच्याच गल्लीतल्या मावशींना फोन लावला. त्या पुढच्याच ट्रॉलीत बसलेल्या. आता कुठल्यातरी उसाच्या फडात होत्या. फोनवरचं बोलणं टिपून घेऊ का, म्हणून आधीच विचारलं. “घे की, मी काय भेते का?” म्हणाल्या.

“मावशी, साहेब ‘जा’ म्हणले का ‘या’?”

“जाच म्हणला की मुडदा! ‘या’ म्हणला आसता तर लेकरं घेऊन तिथंच उतरले नसते का मी?”

टिपलेलं तसंच्या तसं संपादकांना पाठवलं. ओळखपत्र वाचलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा खुलासा आला, तोही मलाच टाइप करावा लागला. ‘होय, मी “जा” म्हणालो. परंतु परंपरेप्रमाणे मजुरांनी आधी “येतो” म्हणायला हवे होते. ते म्हणाले नाहीत.’ एक काना न हलवता छापायला दिला.

तेव्हापासून साहेबांच्या बंगल्यावरून निघताना मी मुद्दाम दारात थांबतो आणि मोठ्यानं म्हणतो, “साहेब, येतो.”

ते कागदात बघत बसतात. ‘या’ काही म्हणत नाहीत.