कियो-सानने केलेली पाठवणी

आमच्या त्सुबामे गावात घरटी एक माणूस तरी नवे चमचे घासून उजळायच्या कामात असायचा. कियो-सान त्यातलीच. पॉलिशच्या चाकापुढे बसून तिने उभा जन्म काढला. नवरा लवकर गेला. त्याच चाकाच्या जिवावर तिने मुलाला, तात्सुयाला वाढवलं, त्याचं लग्न करून दिलं. लग्नाचं नवेपण सरायच्या आत तात्सुया रस्त्यावरच्या अपघातात गेला. घरात उरल्या दोघी, कियो-सान आणि सून मिहो.

आईबापाविना वाढलेल्या मिहोला मावशीने सांभाळलेलं, आणि तीही आता नव्हती. लोक म्हणायचे, "तरुण आहे, जाईल आज ना उद्या." ती गेली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि संध्याकाळी घरी येऊन सासूची पाठ शेकायची. त्या शाळेत भाजी पोचवणाऱ्या, शेजारच्या सांजो गावच्या होंमाने तिला मागणी घातली, तर ती "बघू" म्हणून गप्प बसली. कियो-सानला हे कळलं ते मासळीवालीकडून.

दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली. माझे वडील तांब्याच्या किटल्या ठोकायचे. आता तेवढ्या किटल्या कुणाला लागत नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना अंगठी करायला शिकवतो.

"इसामु, मला अंगठी करायचीय. चांदीची."

"या वयात कुणाला मागणी घालताय?"

"तोंड आवर. नाक पुसलंय मी तुझं. मिहोला द्यायचीय."

"पण लग्नाची अंगठी होंमा देईलच की."

"त्याची तो देईल. ही माहेरची. पोरीला माहेर आहे कुठे? एका सासरातून उठून दुसऱ्या सासरी जायचं. मधे पाठवणी करणारं कुणी नको?"

मी चांदीची पट्टी तापवून मऊ करून दिली. तिचा हात घासायला सरावलेला, ठोकायला नाही. सुरुवातीचे घाव वेडेवाकडे पडले. मग जमू लागलं. पट्टी वळवून मी टोकं डाग देऊन जोडली, तेव्हा ती पुढे वाकली.

"जोड दिसणार नाही ना?"

"घासल्यावर नाही दिसणार."

"दिसला तरी चालेल म्हणा," ती म्हणाली. पण उजळा मात्र तिनेच दिला, मला हात लावू दिला नाही.

पुढच्या सुट्टीला दोघी आल्या त्या भांडूनच. अंगठी मिहोच्या बोटाच्या पेरावर अडली होती. कियो-सानने माप आठवणीतून सांगितलेलं, पहिल्या लग्नाच्या वेळचं. मोठमोठी पातेली उचलून मिहोची बोटं जाड झाली होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आई मला घराबाहेर काढायला निघाल्यात," मिहो मला म्हणाली. डोळे लाल होते.

"काढत नाहीये. जा म्हणतेय."

"मी गेले तर जेवायला तुमच्यासमोर कोण बसेल?"

"टीव्ही आहे."

"आई."

कियो-सानने अंगठी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "बरं, खरं सांगते. एकटं वाटेल मला. वाटणारच. पण म्हणून तुला जन्मभर तात्सुयाच्या फोटोपुढे बसवून ठेवू? त्या फोटोपाशी मी आहे ना."

मी अंगठी निमुळत्या लोखंडी दांड्यावर चढवली आणि म्हणालो, "ठोकली की चांदी पसरते. वाढेल माप." हातोडी कियो-सानपुढे धरली. तिने ती सुनेकडे सरकवली.

"बोट तुझं, तूच वाढव."

मिहो ठोकत राहिली. फिरवून बघायची, परत ठोकायची. शेवटी अंगठी पेर ओलांडून खाली बसली.

"माझे सगळे घाव चेपून टाकलेस," कियो-सान कुरकुरली.

"एक तर सरळ होता का त्यात?" मिहो म्हणाली, आणि रडता रडता हसली.

भाताच्या खाचरांत पाणी सोडलं त्या सुमाराला लग्न झालं. जेवणाला कियो-सान मुलीच्या आईच्या जागेवर बसली. पाहुणे गेले, मिहो सांजोला गेली, आणि त्यानंतर कियो-सान दाराबाहेर दिसेना. दारोदार फिरणारी मासळीवाली म्हणाली, त्या दोन तुकडे बांधायला सांगतात आणि एक परत करतात. मी जाऊन म्हटलं, शिकायला येणाऱ्यांच्या अंगठ्या घासायला मला माणूस हवंय. "माझी कीव करू नकोस," म्हणाली, पण आली. तेव्हापासून येते. एखाद्या दिवशी एकच अंगठी घासत बसते, मग मीही दुसरी पुढे करत नाही.

गेल्या वर्षी मिहोला मुलगी झाली. बाळाला देवळात नेलं तेव्हा होंमाच्या एका चुलतीने कियो-सानकडे बोट करून विचारलं, "या कोण?"

होंमा बाळाचं टोपडं सारखं करत होता. "मिहोच्या आई," तो म्हणाला, आणि बाळ कियो-सानकडे दिलं.